अखंड शेपटीचा शर्ट

वेंडेल स्ट्रिकलंड गेली बावीस वर्षं आमच्या काउंटीच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांना शिकारीचे परवाने देत आला होता. टर्की पक्ष्यांचा मोसम कधी उघडतो, कधी मिटतो, माणशी किती नर मारायचे, मारल्यावर किती तासांत कळवायचं, नर भुलवायला रोवायची प्लास्टिकची नकली मादी पहिले दहा दिवस का चालत नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. अर्ध्या अलाबामाला तो कायदा शिकवू शकला असता. फक्त टर्की तेवढी त्याने कधी मारली नव्हती. मारली नव्हती म्हणजे, खरं सांगायचं तर, ताटाबाहेर जिवंत टर्की त्याने जवळून पाहिलीच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण आमच्याकडे असं म्हणायची सोय नाही. आमच्याकडे वसंत ऋतूत माणसाची किंमत ठरते ती त्याने कोणता नर पाडला यावरून. आणि वेंडेलचे सासरे होते मिस्टर ऑर्व्हिल गँट.

मिस्टर ऑर्व्हिलचं वय ब्याऐंशी. नदीकाठच्या दलदलीतल्या दाट रानात, जिथे दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, तिथे त्यांनी पन्नास वर्षं टर्की मारल्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी वेंडेल त्यांना "मिस्टर ऑर्व्हिल" म्हणायचा आणि ते त्याला "कागदवाला जावई" म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागेही म्हणायचे. दुसरा जावई रेफर्ड, धाकट्या मुलीचा नवरा. त्याच्या नावावर अकरा टर्की होत्या. त्याला ते नुसतं "रेफर्ड" म्हणायचे, आणि वेंडेलला तेच जास्त लागायचं.

यंदा ईस्टरच्या जेवणाला म्हातारबुवांनी हॅमचा तुकडा गिळला, चमचा खाली ठेवला आणि खिशातून एक जुना मोजा काढला. मोज्यात त्यांची डबी होती. देवदाराच्या लाकडाची, वीतभर लांब, वर सैल झाकण. ते झाकण काठावर घासलं की टर्कीच्या मादीचा आवाज निघतो, आणि मिस्टर ऑर्व्हिलनी घासलं तर दोन मैलांवरचा नर लग्नाला निघाल्यासारखा निघतो.

"माझे गुडघे संपले," ते म्हणाले. "यंदा जो जावई आधी पक्षी आणील, त्याला ही डबी. कुणीच नाही आणला तर माझ्याबरोबर शवपेटीत घाला."

रेफर्ड हसला. "मग आत्ताच द्या की! उगाच वेंडेलला चिखलात कशाला उतरवताय?"

सगळं टेबल हसलं. वेंडेलची बायको डार्लासुद्धा हसली, आणि मग नवऱ्याचं तोंड बघून बटाट्यांचं भांडं पुढे करू लागली. वेंडेलने बटाटे घेतले नाहीत. "मीही उतरणार," तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला अगदी आत्मविश्वास वाटला, कारण नियम सगळे पाठ होते, आणि ज्याला नियम पाठ आहेत त्याला भ्यायचं काय कारण?

पहिली माशी शिंकली ती त्याच्याच कचेरीत. परवान्याच्या अर्जावर अर्जदाराची सही आणि देणाऱ्या कारकुनाची सही, दोन्ही लागतात, आणि त्या एकाच माणसाच्या असून चालत नाहीत. हा नियम वेंडेलनेच दर वर्षी नव्या माणसांना बजावून सांगितला होता. दुसरी कारकून मिस ओडेटा. तिने त्याला खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत उभं केलं.

"ओळखपत्र?"

"ओडेटा, मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो."

"खुर्ची आत्ता रिकामी आहे," मिस ओडेटा म्हणाली. "त्यामुळे तिथे कोण बसतं हे मला सांगता येणार नाही. ओळखपत्र?"

ते घरी राहिलं होतं. तो गेला, घेऊन आला, तोवर तिच्या जेवणाची सुट्टी सुरू झाली. बावीस वर्षं आपण लोकांना कसं वागवत आलो, हे त्या दिवशी त्याला थोडंफार कळलं.

दुसरा घोळ शेजाऱ्याने घातला. हर्शेल नावाच्या त्या सद्गृहस्थाने जन्मात बंदूक हातात धरली नाही, पण सल्ला मात्र कुठल्याही विषयावर देतो. मोसमाचा शेवटचा शुक्रवार आला तरी रेफर्डलाही पक्षी मिळाला नव्हता. त्या संध्याकाळी वेंडेलचे नवेकोरे चट्ट्यापट्ट्यांचे शिकारी कपडे दोरीवर वाळत होते. हर्शेल कुंपणाला टेकला.

"कशाने धुतलेस?"

"डार्लाने धुतले. नेहमीच्या पावडरीने."

"संपलं!" हर्शेलने कपाळावर हात मारला. "अरे, त्या पावडरीत कपडे उजळायचं औषध असतं. तुला नाही दिसणार, पण टर्कीच्या डोळ्यांना तू असा चमकशील, असा चमकशील, की काउंटीतल्या टर्की तुला बघायला जमतील. पण बंदुकीच्या टप्प्याबाहेर."

वेंडेल हसण्यावारी नेणार होता. पण रात्रभर त्याच्या डोक्यातून ते जाईना. पहाटे चारला उठून त्याने डार्लाला हलवलं. "घरात साबण न लागलेला एखादा शर्ट आहे का?"

डार्ला अर्धवट झोपेत होती. "साबण न लागलेला शर्ट या जगात एकच आहे. पपांचा."

तो शर्ट म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे. हे नीट सांगायला हवं. रानाच्या कडेच्या आमच्या शिकाऱ्यांच्या कॅम्पावर एक रिवाज आहे: ज्याचा नेम टर्कीवर चुकला, त्याने परत आल्यावर मुकाट्याने पाठ करायची. त्याच्या अंगातल्या शर्टाची मागची शेपटी, म्हणजे पँटीत खोचायचा खालचा भाग, कात्रीने कापतात, तिच्यावर शाईने नाव आणि तारीख लिहितात आणि कॅम्पाच्या भिंतीला ठोकतात. अंगात असेल तोच शर्ट, मग तो लग्नातला का असेना. सबब ऐकून घेत नाहीत. त्या भिंतीवर न्यायाधीशाची शेपटी आहे, दोन पाद्र्यांच्या आहेत, रेफर्डच्या तर चार आहेत, त्यातली चौथी यंदाचीच. आणि चाळीस वर्षं ती कात्री ज्यांच्या हातात, त्या मिस्टर ऑर्व्हिलची भिंतीवर एकही नाही. मोसमाच्या पहिल्या पहाटे ते दर वर्षी तोच खाकी-हिरव्या चौकड्यांचा शर्ट घालायचे आणि अखंड शेपटीने परत यायचे. लोक तो शर्ट लांबून बघायचे. सासूबाई, इनेझ, चार वर्षांपूर्वी गेल्या, आणि म्हातारबुवांच्या घरी उंदीर झाले, तेव्हा त्यांनी तो पिशवीत घालून डार्लाच्या कपाटात ठेवायला दिला होता. "धुवायचा नाही," त्यांनी बजावलं होतं. "उलगडायचासुद्धा नाही."

"पपांना कळलं तर?" डार्ला उठून बसली.

"कळेल तेव्हा माझ्या खांद्यावर पक्षी असेल," वेंडेल म्हणाला.

दिवा न लावता त्याने शर्ट अंगात चढवला आणि घाईघाईने पँटीत खोचला. बाह्या जेमतेम कोपरापर्यंत आल्या. सासरेबुवांचे हात एवढे आखूड असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

कॅम्पावरच्या फळ्यावर नाव लावून तो उजाडायच्या आत रानात शिरला. शिरला म्हणजे काय, रानाने त्याला आत ओढून घेतलं. काटेरी वेलींनी टोपी काढून घेतली, ती सोडवायला वाकला तर बंदुकीचा पट्टा अडकला, पट्टा सोडवला तर बगलेतली प्लास्टिकची मादी चिखलात पडली. तिला त्याने हातरुमालाने पुसलं. आमच्याकडे एप्रिल सरल्यावर पानं इतकी दाटतात की समोर हिरवी भिंतच उभी राहते, आणि त्या भिंतीपलीकडे टर्की तुमच्याकडे बघत असते. तुम्हाला ती दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

त्याने विकत आणलेल्या शिकारीच्या पुस्तकात लिहिलं होतं की पहाटे घुबडासारखं ओरडलं की झाडावर बसलेला नर चिडून उत्तर देतो. वेंडेल घुबडासारखा ओरडला. उत्तर आलं, पण घुबडाचं. ते येऊन त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर बसलं आणि त्याच्याकडे फार आस्थेने बघू लागलं. त्याला हाकलायला वेंडेल "शुक शुक" करत होता, तेवढ्यात ओढ्यापलीकडून नराचा गळा खडाडला. 

ओढा कमरेएवढा होता. पुस्तकात असंही लिहिलं होतं की टर्की सहसा ओढा ओलांडून येत नाही, आपण जावं लागतं. वेंडेल गेला. बूट भरले, पँट भिजली, जेवणाचा डबा वाहून गेला. पलीकडे पोचून त्याने झाडाला पाठ टेकली, तर नर ओरडला अलीकडून, म्हणजे आत्ताच सोडून आलेल्या काठावरून. त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं. वेंडेल परत कमरेएवढ्या पाण्यातून आला. एवढं होऊनही गड्याचा धीर खचला नाही हं. "म्हणजे तो मला टाळत नाहीये," तो स्वतःशी म्हणाला, "शोधतोय."

रुंद ओकच्या बुंध्याशी तो बसला, वीस पावलांवर चिखलात मादी रोवली, आणि दुकानातून आणलेली, मादीचा आवाज काढायची रबराची शिट्टी टाळूला धरली. ती तोंडातल्या तोंडात फुंकायची असते. त्याने फुंकली, ती सरकली आणि थेट घशात गेली. डोळे पांढरे झाले. त्याने जिवाच्या आकांताने खोकून ती बाहेर काढली, आणि त्या खोकल्याला, काय सांगू, समोरच्या झाडीतून उत्तर आलं! नराला असा खोकला फार आवडला असावा. वेंडेल मग मुद्दाम दोनदा खोकला.

तो आला. पिसं फुलवून, शेपटी पसरून, लाल-निळं मुंडकं मिरवत, एकेक पाऊल टाकत तो नर झाडीतून बाहेर आला आणि प्लास्टिकच्या मादीभोवती फिरू लागला. आणि त्याच क्षणी वेंडेलला कळलं की आपण मुंग्यांच्या वारुळावर बसलो आहोत. लाल मुंग्या, ज्या आधी गुपचूप वर चढतात आणि मग सगळ्या एकदम चावतात. हलायची सोय नव्हती. पापणी हलली तरी टर्की पळते. त्या पाच मिनिटांत वेंडेलने जे सोसलं ते कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. शेवटी मुंग्या पाठीवर पोचल्या, त्याने बंदूक उचलली आणि चाप ओढला.

धूर ओसरला तेव्हा नर पळत होता. उडालाही नाही, नुसता पळाला, आणि झाडीत शिरण्यापूर्वी थांबून त्याने एकदा मागे वळून बघितलं. जागच्या जागी उभी होती ती प्लास्टिकची मादी, मुंडक्याशिवाय.

चुकला. मिस्टर ऑर्व्हिलच्या शर्टात चुकला.  बार कॅम्पापर्यंत ऐकू गेला असणार, कात्री धुऊन पुसून तयार असणार, आणि पन्नास वर्षं अखंड राहिलेली शेपटी आता त्याच्यापायी भिंतीवर जाणार. डबी तर गेलीच. पण आधी मुंग्या. त्याने शर्ट ओरबाडून काढला आणि झाडावर आपटू लागला. आपटता आपटता थांबला.

शर्टाची शेपटी शर्टाची नव्हती. खालचं वीतभर कापड वेगळं होतं. चौकडा तोच, पण कमी विटलेला, आणि जोडावर अगदी बारीक, नेटकी हातशिलाई. कुणीतरी चौकड्याला चौकडा जुळवून शिवलं होतं. वेंडेलने बाह्या बघितल्या. कोपरापाशी कापून दुमडून टीप घातलेली होती. आता त्याला कळलं की मिस्टर ऑर्व्हिल तो शर्ट नेहमी बाह्या वर करून का घालायचे, आणि सासूबाईंच्या हातची शिलाई तर त्याच्या घरच्या प्रत्येक उशीवर होती.

त्याने शर्ट झाडला, परत घातला आणि अगदी खोलवर खोचला. मग जाऊन ते प्लास्टिकचं मुंडकं चिखलातून उचललं. कॅम्पापर्यंतच्या वाटेवर त्याने काय करायचं ते ठरवून टाकलं, आणि ठरल्यावर त्याला परत एकदा आत्मविश्वास वाटू लागला.

ओसरीवर सातआठ जण बिस्किटं आणि सॉसेज खात बसले होते. खुर्चीत मिस्टर ऑर्व्हिल, मांडीवर कात्री. रेफर्डने लांबूनच हाक मारली.

"या साहेब! बार ऐकला आम्ही. पक्षी कुठाय? मागून चालत येतोय का?"

 मिस्टर ऑर्व्हिलची नजर शर्टावर पडली होती. म्हातारबुवांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला तो वेंडेलने पाहिला. रागाने उतरतो तसा नव्हे. भीतीने.

"हा शर्ट..." ते म्हणाले.

"अरे देवा!" रेफर्ड उठलाच. "मिस्टर ऑर्व्हिलच्या शर्टात चुकला! बघा रे बघा! नियम म्हणजे नियम. फिर वेंडेल, काढ शेपटी बाहेर. मिस्टर ऑर्व्हिल, कात्री तुम्ही चालवता की मी?"

 सगळे उठून जवळ आले. वेंडेल जागचा हलला नाही. त्याने घसा साफ केला, आणि खिडकीमागून बोलतो त्या आवाजात बोलला.

"नियम काय आहे? जरा वाचून दाखवा."

"भिंतीवर लिहिलाय. 'ज्याचा नेम चुकेल त्याची शेपटी.'"

"माझा चुकला नाही." त्याने खिशातून मुंडकं काढून बिस्किटांच्या ताटाशेजारी ठेवलं. "मी हिच्यावर नेम धरला होता. वीस पावलांवरून. एका बारात मान उडवली."

सगळे ताटावर वाकले.

"तू तुझ्याच प्लास्टिकच्या मादीवर गोळी झाडलीस?" रेफर्डने विचारलं.

"झाडीतून नीट दिसत नव्हतं. मला वाटलं, टर्की आहे."

"पण तूच ती तिथे रोवलीस ना?"

"रोवली. मग विसरलो."

"आणि मादी मारायला बंदी आहे, कारकूनसाहेब!"

"खऱ्या मादीला. प्लास्टिकबद्दल कायद्यात एक अक्षर नाही, हवं तर सोमवारी येऊन बघ. ओळखपत्र घेऊन ये."

मग जे हसू फुटलं ते आमच्या रानाने पूर्वी ऐकलं नव्हतं. एकाच्या नाकातून कॉफी आली. एक जण खांबाला धरून खाली बसला. रेफर्ड तर डोळे पुसत "विसरलो, म्हणतो विसरलो" एवढंच म्हणत राहिला. वेंडेल ताठ उभा होता. कान लालबुंद झाले होते, मुंग्या चावलेल्या जागा पेटल्या होत्या, पण शर्ट खोचलेला होता.

मिस्टर ऑर्व्हिल हसले नाहीत. त्यांनी मुंडकं उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, छर्ऱ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग जावयाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ज्याच्यावर नेम धरला त्याला लागलं," ते म्हणाले. "हा नेम चुकणं नव्हे. शेपटी राहील." आणि कात्री मिटली.

मुंडकं भिंतीवर ठोकलं गेलं. खाली शाईने: वेंडेल स्ट्रिकलंड, मे महिन्याचा पहिला शनिवार. न्यायाधीश, पाद्री, रेफर्ड, सगळ्यांच्या शेपट्या एकीकडे, आणि ते मुंडकं एकीकडे. जगात एवढी लाज एका खिळ्यावर दुसरीकडे कुठे टांगलेली नसेल.

परत जाताना मिस्टर ऑर्व्हिल रेफर्डच्या गाडीत न बसता वेंडेलच्या पिकअपमध्ये येऊन बसले. चर्चचं वळण आलं.

"बघितलंस," ते म्हणाले.

"मुंग्या गेल्या होत्या आत. शर्ट काढावा लागला."

"एकाहत्तर साल. दलदलीच्या टोकाला. पंधरा पावलांवर होता रे, पंधरा! आंधळ्यानेसुद्धा पाडला असता." म्हाताऱ्याने गुडघे चोळले. "आसपास चिटपाखरू नव्हतं. कुणी पाहिलं नाही, बार ऐकला नाही."

"मग कापलीत कशाला?"

"नियम होता ना!" ते चिडूनच म्हणाले. "चुकलो म्हणजे चुकलो. रानात एकटा बसून चाकूने स्वतःची शेपटी कापली. आणि मग कॅम्पावर जायची हिंमतच होईना. घरी गेलो. इनेझ दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी बाह्या कापून शिवायला बसली. कधी कुणाला बोलली नाही. तुझ्या बायकोलासुद्धा."

 वेंडेलने गाडी हळू केली.

मिस्टर ऑर्व्हिलनी खिशातून मोजा काढला, मोज्यातून डबी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. वेंडेल म्हणाला, "मी पक्षी आणला नाही." ते म्हणाले, "मला डोळे आहेत. झाकण उघड."

वेंडेलने गाडी कडेला घेतली. झाकणाखाली, डबीच्या पोटात, कापडाची एक घडी होती. खाकी-हिरवा चौकडा, धारदार चाकूने सरळ कापलेला. त्यावर पुसट शाईत नाव होतं, ऑर्व्हिल गँट, आणि खाली तारीख. अगदी नियमाप्रमाणे.

"मी असेपर्यंत नको," म्हातारबुवा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी गेलो की भिंतीवर ठोक. तू कागदवाला आहेस, तू विसरणार नाहीस."

"रेफर्डच्या चारींच्या वर ठोकतो. तिथे जागा आहे."

मिस्टर ऑर्व्हिलनी थोडा विचार केला.

"नको," ते म्हणाले. "त्या मुंडक्याच्या शेजारी ठोक."